किती क्यूबिट? प्रश्नच चुकतोय. गोष्ट सिलिकॉनमधल्या एका परक्या अणूची

मागच्या महिन्यात माझ्या मामेभावाचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. तो कराडला ई अँड टीसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर एका ऑनलाइन क्लासची जाहिरात फॉरवर्ड केलेली आणि खाली प्रश्न: "दादा, क्वांटम कॉम्प्युटिंगचा कोर्स आहे. फी 68 हजार. पाच हजार भरून सीट बुक केलीये. पुढचे भरू ना?" जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं, जग 1000 क्यूबिटच्या पुढे गेलं, तुम्ही कुठे आहात?

मी त्याला विचारलं, क्यूबिट म्हणजे काय ते सांग. उत्तर लगेच आलं: "शून्य आणि एक एकाच वेळी." बरं. पण ते शून्य आणि एक नेमकं कशात ठेवलेलं असतं? वस्तू कुठली? बराच वेळ नुसतं 'टायपिंग' दिसत राहिलं. मग आलं, "चिपमध्ये?"

त्याला हसण्याचा मला अधिकार नाही. दोन वर्षांपूर्वी मलाही सांगता आलं नसतं. मी सॉफ्टवेअरवाला, दिवसभर पेमेंट सिस्टिमचा बॅकएंड बघतो. क्वांटमच्या बातम्या मीही तुमच्यासारख्याच वाचायचो: आकडा बघायचा, आधीच्या आकड्यापेक्षा मोठा आहे का बघायचं, पुढे स्क्रोल. नंतर एका वीकेंडला सहज वाचायला घेतलं आणि लक्षात आलं की आकडा ही त्या बातमीतली सगळ्यात कमी कामाची गोष्ट आहे.

गेल्या वर्षभरातच बघा ना. 2025 हे संयुक्त राष्ट्रांनी क्वांटम विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलेलं. भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांना मिळालं, सुपरकंडक्टिंग सर्किटमधल्या क्वांटम परिणामांसाठी. आयबीएमचं 156 क्यूबिटच्या प्रोसेसरचं यंत्र अमरावतीत बसवणार असं जाहीर झालं (आंध्र प्रदेशची अमरावती, आपली विदर्भातली नव्हे, माझ्या ऑफिसात यावर अर्धा तास गोंधळ झालेला). आणि डिसेंबरमध्ये सिडनीच्या सिलिकॉन क्वांटम कॉम्प्युटिंग या कंपनीने 'नेचर'मध्ये एक प्रोसेसर मांडला. त्यात क्यूबिट किती? 11.

1000 च्या जमान्यात 11 ला कोण विचारतो? आपल्याकडे त्याची फारशी चर्चा झालीच नाही. पण मला विचाराल तर ती बातमी थांबून वाचण्यासारखी होती. कारण तिथे "वस्तू कुठली?" या प्रश्नाला सरळ उत्तर आहे: सिलिकॉनमध्ये बसवलेले फॉस्फरसचे सुटे सुटे अणू. एकेक अणू हे एकेक चुंबक, आणि त्या चुंबकाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ही साठवलेली माहिती.

आधी तुमच्या फोनमधली भेसळ

शुद्ध सिलिकॉन तसं निरुपयोगी असतं. प्रत्येक अणूला चार हात, चारही शेजाऱ्यांच्या हातात अडकलेले. वीज वाहून न्यायला मोकळं कोणीच नाही. त्यात फॉस्फरस मिसळला की चित्र बदलतं. फॉस्फरसकडे पाच इलेक्ट्रॉन. चार बंधात गुंतले, पाचवा उरला. खोलीच्या तापमानाला तो सुटतो आणि भटकायला लागतो. दुसऱ्या वर्षाला आपण हे 'एन-टाइप' म्हणून पाठ केलं, पाच मार्कांसाठी.

प्रमाण किती कमी असतं बघा. मध्यम डोपिंगमध्ये सिलिकॉनच्या साधारण 50 लाख अणूंमागे फॉस्फरसचा एक अणू. पातेलंभर दुधाला चमचाभर विरजण लागतं, त्यापेक्षा हे कितीतरी कमी. तेवढ्यावर अख्खा चिप उद्योग उभा आहे.

पण तिथे आपण अशुद्धीकडे नेहमी घाऊक नजरेने बघतो. कुठला अणू कुठे बसलाय याच्याशी कोणाला घेणंदेणं नसायचं. ट्रान्झिस्टर लहान होत गेले तसं ते नडायला लागलं. ट्रान्झिस्टरच्या मधल्या भागात अशुद्धीचे अणू बोटांवर मोजण्याइतके उरले. एकात पाच पडले, शेजारच्यात आठ, की दोघांचं वागणं वेगळं. म्हणून नव्या फिनफेट रचनेत तो मधला भाग जवळपास डोपिंगशिवायच ठेवतात. चिप उद्योगाने सुट्या अणूला असं डोकेदुखी ठरवून बाहेर काढलं, आणि त्याच सुमारास भौतिकशास्त्रज्ञ त्याच्या प्रेमात पडले.

एका अणूत दोन चुंबक

1998 मध्ये ब्रूस केन यांनी 'नेचर'मध्ये एक लेख लिहिला. ते तेव्हा सिडनीच्या न्यू साऊथ वेल्स विद्यापीठात होते. कल्पना अशी: फॉस्फरसयुक्त सिलिकॉन इतकं थंड करा की तो पाचवा इलेक्ट्रॉन पळून जायच्या ऐवजी आपल्या अणूभोवतीच राहील. आता तुमच्याकडे एका अणूत दोन चुंबक आले. एक त्या इलेक्ट्रॉनचं, दुसरं फॉस्फरसच्या अणुकेंद्राचं. दोघांनाही स्पिन आहे. स्पिन म्हणजे काहीतरी गरगर फिरतंय असं चित्र डोळ्यासमोर आणू नका. कणाला जन्मजात मिळालेलं चुंबकपण, एवढं पुरे. चुंबकीय क्षेत्रात मोजलं की ते दोनच उत्तरं देतं, वर किंवा खाली. हेच आपलं शून्य आणि एक.

दोन्ही चुंबकांचा स्वभाव अगदी वेगळा. एक टेस्ला क्षेत्रात इलेक्ट्रॉनला उलटवायला 28 गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्ह लागतात. केंद्राला फक्त 17 मेगाहर्ट्झ. म्हणजे केंद्राचं चुंबक सोळाशे पटींनी दुबळं. पण दुबळं असल्यामुळेच त्याच्यावर आजूबाजूच्या गोंगाटाचाही परिणाम कमी होतो. इलेक्ट्रॉन हा चटपटीत, बोलका, पण पटकन बिथरणारा. केंद्र म्हणजे घरातले आजोबा. हळू बोलतील, पण सांगितलेलं विसरणार नाहीत.

आणि दोघे एकमेकांना ओळखतात. केंद्र वर असेल तर इलेक्ट्रॉन एका फ्रिक्वेन्सीला प्रतिसाद देतो, खाली असेल तर दुसऱ्या. या दोन फ्रिक्वेन्सींत साधारण 117 मेगाहर्ट्झचं अंतर असतं. त्यामुळे केंद्राला थेट हात न लावता इलेक्ट्रॉनला विचारून केंद्राची दिशा कळते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मोठ्याने "वा" म्हणालो होतो. माझ्या भाषेत सांगायचं तर केंद्र हा डेटाबेस आणि इलेक्ट्रॉन ही त्याची एपीआय.

आता प्रश्न वाचायचं कसं. एका इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व थेट मोजणं जवळपास अशक्य, इतकं ते क्षीण. मग युक्ती करतात. अणूशेजारी एक अतिसूक्ष्म ट्रान्झिस्टर ठेवतात. व्होल्टेज असं लावतात की जास्त ऊर्जेच्या दिशेतला इलेक्ट्रॉन अणूवरून उडी मारून ट्रान्झिस्टरमध्ये जाऊ शकेल आणि कमी ऊर्जेचा अडकून राहील. इलेक्ट्रॉन गेला की मागे धन प्रभार उरतो आणि ट्रान्झिस्टरच्या करंटमध्ये एक उडी दिसते. उडी दिसली तर एक, नाही दिसली तर शून्य. चुंबकत्वाचं भाषांतर करंटमध्ये केलं, आणि करंट मोजण्यात तर आपण उस्ताद आहोत. आंद्रेआ मोरेल्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे 2010 मध्ये करून दाखवलं. 2012 मध्ये त्याच गटाने एका फॉस्फरस अणूच्या इलेक्ट्रॉनला क्यूबिट म्हणून चालवलं, 2013 मध्ये केंद्राला.

तापमान एवढं कमी का लागतं तेही यातच कळतं. 28 गिगाहर्ट्झची ऊर्जा तापमानाच्या भाषेत 1.3 केल्विनच्या आसपास येते. त्याहून गरम असेल तर उष्णताच इलेक्ट्रॉनला कधीही उलटवेल. म्हणून मग 0.1 केल्विनच्या घरातले फ्रिज. तेव्हा सिलिकॉन आहे म्हणजे उद्या फोनमध्ये येईल, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

शेजारी शांत हवेत

मुळात माहिती बिघडते कशाने? मोठं कारण आहे शेजारी. नैसर्गिक सिलिकॉनमधले सुमारे 4.7 टक्के अणू सिलिकॉन-29 प्रकारचे असतात. या अणूंच्या केंद्राला स्वतःचं स्पिन आहे. म्हणजे आपल्या फॉस्फरसच्या आजूबाजूला असंख्य छोटी चुंबकं कुजबुजत बसलेली. बाकीच्या सिलिकॉन-28 आणि सिलिकॉन-30 यांच्या केंद्रांना स्पिनच नाही, ते गप्प असतात. मग उपाय सरळ: सिलिकॉन-29 काढून टाका.

सांगायला सोपं, करायला महाग. पण परिणाम बघा. 2014 मध्ये मोरेल्लोंच्या गटाने शुद्ध केलेल्या सिलिकॉन-28 मध्ये एका फॉस्फरस केंद्रावर क्वांटम माहिती 30 सेकंदांहून जास्त टिकवली. सुपरकंडक्टिंग क्यूबिट साधारण शेकडो मायक्रोसेकंद टिकतात, अगदी उत्तम प्रयोगांत मिलिसेकंदाच्या पुढे. 30 सेकंद म्हणजे त्यापुढे एक जन्म. 2024 मध्ये मँचेस्टर आणि मेलबर्न विद्यापीठांच्या लोकांनी सिलिकॉन-29 चं प्रमाण दहा लाखांत अवघ्या 2 ते 3 अणूंपर्यंत खाली आणलं.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मीही त्या क्लासवाल्यासारखाच होईन. सुपरकंडक्टिंग क्यूबिटवरची एक क्रिया काही दहा नॅनोसेकंदांत होते. केंद्राच्या स्पिनला मायक्रोसेकंदांच्या हिशोबात वेळ लागतो. आजोबांची स्मरणशक्ती दांडगी, पण चालतात सावकाश. म्हणून नुसता टिकण्याचा वेळ बघूनही भागत नाही. तेवढ्या वेळात किती क्रिया होतात आणि प्रत्येक किती अचूक होते, हे बघायचं. 2022 मध्ये फॉस्फरसच्या दोन केंद्रांमधली क्रिया 99.37 टक्के अचूकतेला पोहोचली. चुका सुधारत पुढे जायचं तर 99 टक्के हा साधारण उंबरठा मानतात. तो तिथे ओलांडला.

जळालेल्या अँटेनाची गोष्ट

या सगळ्यात मला सगळ्यात आवडलेला किस्सा 2020 चा. सिडनीतच मोरेल्लोंच्या प्रयोगशाळेत फॉस्फरसऐवजी अँटिमनीचा अणू वापरला होता. त्याच्या केंद्राला दोन नाही, आठ पायऱ्या असतात. तो उलटवायला खास अँटेना बनवलेली. ताकद जास्त दिली आणि अँटेना जळाली. एरवी अशा वेळी प्रयोग कचऱ्यात. पण गंमत म्हणजे केंद्र तरीही प्रतिसाद देत राहिलं! शोध घेतल्यावर कळलं की तुटलेली अँटेना चुंबकीय क्षेत्राऐवजी जोरदार विद्युत क्षेत्र तयार करत होती आणि केंद्र त्याच क्षेत्राला हलत होतं. हे होऊ शकतं असं निकोलास ब्लूम्बर्गेन यांनी 1961 मध्ये सुचवून ठेवलं होतं. जवळपास साठ वर्षांनी ते एका अणूवर दिसलं, तेही अपघाताने.

किस्सा म्हणून तर छानच, पण यात काम पण मोठं आहे. चुंबकीय क्षेत्र पसरतं. एका अणूला लावलं तर शेजाऱ्यालाही लागतं. विद्युत क्षेत्र एका टोकदार इलेक्ट्रोडपुरतं मर्यादित ठेवता येतं, आणि तेच तर आपल्या चिप्स पन्नास वर्षं करत आल्यात. याच अँटिमनीवर 2025 च्या सुरुवातीला त्यांनी श्रोडिंगरच्या मांजरासारखी अवस्था तयार करून दाखवली. आठ पायऱ्या असल्यामुळे एखादी छोटी चूक झाली तरी शून्याचं लगेच एक होत नाही, मधे पायऱ्या असतात. चूक पकडायला वाव मिळतो.

याच गल्लीत आधी फसगत झालीये

अर्धवाहकातल्या अशुद्धीचं चुंबकत्व हा विषय एकदा भलताच गाजला होता, आणि तो इतिहास माहिती असलेला बरा. 1996 च्या सुमाराला जपानमध्ये हिदेओ ओहनो यांनी गॅलियम आर्सेनाइडमध्ये मँगनीज मिसळून खरंखुरं चुंबकीय अर्धवाहक बनवलं. अडचण एकच, चुंबकत्व फक्त थंडीत टिकायचं. अनेक वर्षांच्या खटपटीनंतरही मर्यादा साधारण उणे 73 अंश सेल्सिअसपर्यंतच गेली. 2000 मध्ये एक सैद्धांतिक लेख आला: झिंक ऑक्साइड आणि गॅलियम नायट्राइडमध्ये हे खोलीच्या तापमानाला जमू शकेल. झालं! जगभरातून 'आम्हाला मिळालं'चे दावे सुरू. मेमरी आणि प्रोसेसर एकाच चिपमध्ये येणार वगैरे.

बऱ्याच दाव्यांचा पुढे पत्ता लागला नाही. कुठे मिसळलेले अणू एकत्र गोळा होऊन बसलेले, कुठे बाहेरचं लोखंड लागलेलं. हाफ्नियम ऑक्साइडच्या पातळ थरात सापडलेल्या अशाच चुंबकत्वाची तपासणी करताना 2005 मध्ये काही संशोधकांनी दाखवलं की नमुना नुसता स्टीलच्या चिमट्याने उचलला तरी तसाच सिग्नल येतो. चिमटा! मोजायचं होतं ते इतकं क्षीण की हाताळणीतच ते तयार होत होतं.

त्याच काळात एक वेगळी वाटही दिसत होती. 2006 मध्ये प्रिन्स्टनमध्ये अली याझदानी यांच्या गटाने गॅलियम आर्सेनाइडच्या पृष्ठभागावरचा एकेक गॅलियम अणू काढून तिथे मँगनीज बसवला आणि दोन मँगनीज अणूंमधलं नातं त्यांच्या अंतरावर आणि दिशेवर कसं अवलंबून असतं ते थेट बघितलं. घाऊक नमुन्यात सरासरी मिळते, आणि सरासरीत चिमट्याचं लोखंडही मिसळून जातं. एकेक अणू समोर ठेवून बघितलं की अशी लपवाछपवी अवघड होते. माझा सिलिकॉनमधल्या अणूंच्या कामावर थोडा जास्त विश्वास बसतो तो यामुळे.

मग 11 मध्ये काय आहे?

2012 मध्ये मिशेल सिमन्स यांच्या गटाने एकाच फॉस्फरस अणूचा ट्रान्झिस्टर बनवला होता. पद्धत अशी: सिलिकॉनच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचा एका अणूएवढा थर द्यायचा. स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपच्या सुईने हव्या त्या जागचे हायड्रोजन अणू उडवायचे. मग फॉस्फिन वायू सोडायचा, तो फक्त उघड्या जागी चिकटतो. वरून पुन्हा सिलिकॉनचा थर. आपल्याकडे रांगोळीच्या छापाला भोकं पाडून वरून रंग टाकतात ना, तसंच, फक्त भोक एका-दोन अणूंचं.

त्याच सिमन्स यांच्या कंपनीच्या 11 क्यूबिटच्या प्रोसेसरमध्ये फॉस्फरस केंद्रांचे दोन गट आहेत, एकात चार आणि दुसऱ्यात पाच. प्रत्येक गटाला एक इलेक्ट्रॉन सामाईक. चार, पाच आणि दोन, झाले अकरा. गटातल्या केंद्रांशी तो इलेक्ट्रॉन बोलतो आणि दोन गटांचे इलेक्ट्रॉन आपापसांत बोलतात. केंद्रांमधल्या क्रियांची अचूकता 99.9 टक्क्यांपर्यंत गेलीये. त्याआधी काही महिने, 2025 च्या सप्टेंबरमध्ये, मोरेल्लोंच्या गटाने 'सायन्स'मध्ये दाखवलं की सुमारे 20 नॅनोमीटर अंतरावरची दोन केंद्रं आपापल्या इलेक्ट्रॉनच्या मदतीने क्वांटम नात्यात बांधता येतात. 20 नॅनोमीटर हे आजच्या चिप कारखान्यांच्या आवाक्यातलं माप आहे. जास्त केंद्रं जोडली तरी अचूकता पडत नाही, हे दाखवणं हा खरा मुद्दा होता. 11 हा आकडा त्याचा पुरावा, बस.

आणि मोठ्या आकड्याचं काय झालं ते आयबीएमकडूनच समजून घ्या. डिसेंबर 2023 मध्ये त्यांनी 1,121 क्यूबिटची 'कॉन्डॉर' चिप दाखवली. त्याच वेळी 133 क्यूबिटची 'हेरॉन'ही दाखवली, कमी चुकांची. पुढे त्यांनी नेटाने वाढवली ती हेरॉन. अमरावतीला येणारं 156 क्यूबिटचं यंत्र हे तिचंच भावंड आहे. ज्यांनी हजाराचा आकडा गाठला त्यांनीच तो बाजूला ठेवला. आपल्याकडच्या जाहिराती अजून तिथेच अडकल्यात.

पवईत काय चाललंय

भावाचा पुढचा प्रश्न अपेक्षित होता: "दादा, पण आपल्याकडे काही आहे का यातलं?"

एप्रिल 2023 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली, सुमारे 6,003 कोटी रुपये, 2030-31 पर्यंत. घोषणेत 50 ते 1000 क्यूबिटचं लक्ष्य आहे (पुन्हा आकडाच), आणि नावं ठळक आहेत ती सुपरकंडक्टिंग आणि फोटोनिक पद्धतींची. मिशनची चार केंद्रं आहेत, त्यातलं क्वांटम सेन्सिंगचं केंद्र आयआयटी बॉम्बेला, म्हणजे पवईला. आणि तिथे जे चाललंय ते आपल्या आजच्या विषयाच्या अगदी सख्ख्या नात्यातलं आहे. फक्त सिलिकॉनच्या जागी हिरा.

हिरा हाही तांत्रिकदृष्ट्या रुंद ऊर्जा-पट्ट्याचा अर्धवाहक. त्यात कार्बनच्या एका अणूच्या जागी नायट्रोजन आला आणि त्याला लागूनची जागा रिकामी राहिली, की त्या जोडीला एन-व्ही केंद्र म्हणतात. झवेरी बाजारात नायट्रोजन म्हणजे हिऱ्याला पिवळी झाक आणि भाव खाली. भौतिकशास्त्रज्ञाला मात्र हाच डाग हवा असतो. या जोडीलाही स्पिन असतं, आणि हिरवा लेझर टाकला की ती लाल चमकते. किती चमकते ते स्पिनवर ठरतं. म्हणजे इथे चुंबकत्वाचं भाषांतर थेट प्रकाशात, आणि मुख्य म्हणजे खोलीच्या तापमानाला. फ्रिज नको. पहिल्यांदा असं एकच केंद्र सुटं बघितलं गेलं 1997 मध्ये, जर्मनीत.

2.87 गिगाहर्ट्झची मायक्रोवेव्ह दिली की चमक कमी होते. तुमच्या वाय-फायच्या 2.4 च्या जरा वर. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लागलं की ही फ्रिक्वेन्सी दोन भागांत फुटते, प्रत्येक मिलिटेस्लाला 28 मेगाहर्ट्झने सरकते. पृथ्वीचं क्षेत्र आपल्या भागात 40 मायक्रोटेस्लाच्या आसपास. तेवढ्यानेही ती एक मेगाहर्ट्झच्या वर हलते, आणि एक मेगाहर्ट्झ मोजणं अवघड नाही. अणूच्या आकाराचा होकायंत्र झाला की हा!

ऑक्टोबर 2024 मध्ये टीसीएस आणि आयआयटी बॉम्बेने यावर आधारित चिप बघणारं यंत्र बनवण्यासाठी हात मिळवले. तिथलं काम प्राध्यापक कस्तुरी साहा यांच्या गटाकडे आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये या गटाचा देशी बनावटीचा क्वांटम डायमंड मायक्रोस्कोप जाहीर झाला. उपयोग काय? आता चिप्स एकावर एक थर रचून बनवतात. आत कुठे शॉर्ट झालं तर वरून दिसत नाही. एक्स-रे रचना दाखवतो, वाहता करंट दाखवत नाही. पण करंटचं चुंबकीय क्षेत्र थरांमधून बाहेर येतं. वर हिऱ्याची पातळ चकती ठेवा, हिरवा लेझर, मायक्रोवेव्ह, कॅमेरा; आतल्या करंटचा नकाशा मिळतो. देशात चिप कारखाने उभे करायच्या गप्पा चालू असताना चिपमधला दोष शोधणारं यंत्र आपलं असणं ही माझ्या मते अमरावतीच्या यंत्रापेक्षा मोठी बातमी आहे. ते यंत्र आयबीएमचं आहे, हे आपलं. पण त्यात क्यूबिटचा आकडा नाही, मग हेडलाइन कशाची करणार?

भावाला मी हेच सांगितलं, जरा लांबलचक. 68 हजारांच्या कोर्सच्या अभ्यासक्रमात पायथॉनमध्ये आठ प्रोजेक्ट होते, स्पिन हा शब्द एकदाच. त्यातलं बरंचसं आयबीएमच्या क्विस्किटवर फुकट शिकता येतं, आणि एनपीटीईएलवर सॉलिड स्टेट फिजिक्सची अख्खी लेक्चर्स पडलीत. तू ई अँड टीसीचा आहेस. या प्रत्येक प्रयोगात मायक्रोवेव्ह सर्किट लागतं, एफपीजीए लागतो, कमी गोंगाटाचा ॲम्प्लिफायर लागतो, आणि हे सगळं नॅनोसेकंदाच्या तालावर चालवणारं सॉफ्टवेअर लागतं. तुझ्या ज्या विषयांना वर्गात सगळे कंटाळतात, नेमके तेच.

त्याने उरलेले पैसे भरले नाहीत. भरलेले पाच हजार परत मागितलेत, "तुमची विनंती प्रक्रियेत आहे" असं उत्तर दर आठवड्याला येतं.

परवा रात्री साडेअकराला पुन्हा त्याचा मेसेज आला. फोनमधला कंपासचा सेन्सर दाखवणारं एक ॲप टाकलंय त्याने. स्क्रीनशॉटमध्ये 42 मायक्रोटेस्ला. खाली दुसरा स्क्रीनशॉट, 97. "दादा, आईच्या गोदरेजच्या कपाटाजवळ हा वाढतोय. लोखंडामुळे ना? मग मी खोलीभर दर फुटावर रीडिंग घेऊन त्याचा नकाशा काढला तर?"

मी विचारलं, उद्या पेपर आहे ना तुझा?

"आहे. पण सांग ना, आधी कपाट हलवू की नको?"